फ्यूज शाबूत, वायर मात्र जळाली
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांचं वायरिंग आणि आगीचा धोका

प्रश्न : माझ्याकडे १९६२ची ब्रिटिश बनावटीची सलून गाडी आहे, वायरिंग बहुतेक मूळचंच. हेडलाइट लावून अर्धा तास चालवल्यावर डॅशबोर्डमागून जळका वास आला. उघडून पाहिलं तर लाइटच्या स्विचला येणारी तपकिरी वायर चार बोटं वितळलेली. दोन्ही फ्यूज मात्र शाबूत! मग फ्यूजचा उपयोग काय?

उत्तर : फ्यूज त्याच्या पुढच्या वायरला वाचवतो, मागच्या म्हणजे बॅटरीकडच्या वायरला नाही. तुमची जळालेली वायर दोन्ही फ्यूजच्या मागची आहे. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत दोनच फ्यूज असत. एक कायम चालू असणारा, हॉर्न आणि आतल्या दिव्यासाठी. दुसरा चावी फिरवल्यावर चालू होणारा, वायपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि पेट्रोलच्या काट्यासाठी. हेडलाइट, इग्निशन, डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनरेटरची) लाइन आणि बॅटरीकडून येणारी मुख्य लाइन यांना फ्यूजच नसे. कोणती वायर उघड्यावर आहे हे रंगावरून कळतं. लुकास या विजेचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या रंगपद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, बिनफ्यूजची. पांढरी चावीनंतरची, पण तीही बिनफ्यूजची. हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून. निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थिंगची. तपासणी नेहमी तपकिरी, पांढऱ्या आणि निळ्या वायरींपासून सुरू करा, कारण त्यांच्यामागे कोणीच उभं नाही.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या वायरला फ्यूज असता तरी तो बहुधा उडाला नसता. सरळ शॉर्ट झाला असता तर काही सेकंदांत धूर निघाला असता. अर्धा तास लागला, म्हणजे दोष सैल किंवा गंजलेल्या जोडाचा आहे. हिशेब करून पाहा. हेडलाइटचा प्रवाह समजा १० अँपिअर आहे आणि स्विचच्या स्क्रूपाशी फक्त ०.१ ओहम अडथळा तयार झाला आहे. तिथे १ व्होल्ट पडतो आणि १० वॅट उष्णता तयार होते. डाख देण्याचा लहान सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॅटचा असतो, म्हणजे जवळजवळ अर्धा आयर्न नखाएवढ्या जागेत सतत चालू राहिला. वरून अडथळा वाढल्यामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. त्यामुळे फ्यूजला काही कळायचा प्रश्नच येत नाही. हेडलाइट थोडे पिवळट दिसतात, एवढीच खूण. जुन्या गाडीतल्या पिवळट हेडलाइटकडे ‘वयानुसार असं होतंच’ म्हणून दुर्लक्ष करू नका. हरवलेला उजेड वाटेत कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडतो आहे.

दुरुस्ती अशी करा. बॅटरीची अर्थिंगची केबल काढा. वायर मागे कापत जा. तांबं काळपट दिसतंय तोवर कापत राहा आणि चकचकीत तांबं लागलं की थांबा. तेवढा तुकडा त्याच किंवा त्याहून मोठ्या छेदाच्या वायरचा नवा घाला आणि नवं टर्मिनल क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. स्विचचा स्क्रू आणि त्याखालची पट्टी पॉलिशपेपरने घासून घ्या. स्विचचा बेकेलाइट करपला असेल किंवा मागचा रिव्हेट बोटाने हलत असेल, तर तो स्विच ठेवू नका. आतला जोड बाहेरून घट्ट करता येत नाही.

मग मोजमाप. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन बंद, हेडलाइट चालू. एक टोक बॅटरीच्या अर्थिंग नसलेल्या खुंटावर धरा. क्लॅम्पवर नको, कारण कधी कधी दोष क्लॅम्प आणि खुंटाच्या मधेच असतो. दुसरं टोक बल्बच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर शोध घेतलाच पाहिजे. मग दुसरं टोक एकेक पायरी मागे आणा: बुलेट कनेक्टर (नळीत खोचून बसणारा वायरचा जोड), डिपर, स्विचची बाहेरची बाजू, आतली बाजू, अँमीटर (प्रवाह दाखवणारा काटा), सोलेनॉइडचा म्हणजे स्टार्टरला प्रवाह सोडणाऱ्या मोठ्या स्विचचा बोल्ट. ज्या दोन बिंदूंच्या मधे आकडा एकदम उडी मारतो, तिथे उष्णता आहे. अर्थिंगची बाजूही अशीच पाहा, बल्बच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या दुसऱ्या खुंटापर्यंत. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको.

प्रश्न : मुख्य लाइनला एक मोठा फ्यूज लावायचा आहे. किती अँपिअरचा आणि नेमका कुठे?

उत्तर : जागा आधी ठरवू. सोलेनॉइडच्या ज्या बोल्टवर बॅटरीची जाड केबल येते, तिथूनच गाडीच्या बाकीच्या वायरिंगची तपकिरी वायर निघते. फ्यूज तिथेच, बोल्टपासून वीतभराच्या आत. फ्यूजच्या आधीचा वायरचा तुकडा असुरक्षित राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. त्यावर उष्णता सोसणारी जादा नळी चढवा.

फ्यूजचा आकडा उपकरणं पाहून ठरत नाही, पुढच्या वायरीतली सर्वांत बारीक वायर पाहून ठरतो. जुन्या पद्धतीच्या साध्या पीव्हीसी वायरची क्षमता साधारण अशी असते: १४ तारांची १ चौ. मिमी वायर ८.७५ अँपिअर, २८ तारांची २ चौ. मिमी १७.५, ४४ तारांची ३ चौ. मिमी २७.५ आणि ६५ तारांची ४.५ चौ. मिमी ३५ अँपिअर. ही प्रत्येक तार ०.३० मिमी जाडीची. आजची पातळ आवरणाची वायर त्याच छेदाला जास्त प्रवाह सोसते, १ चौ. मिमीला १६.५ आणि २ चौ. मिमीला २५ अँपिअर, कारण तिचं आवरण जास्त तापमान सहन करतं.

तुमची मुख्य वायर ४४ तारांची असेल तर २५ अँपिअरचा फ्यूज लावा, ६५ तारांची असेल तर ३० अँपिअरचा. तो बोल्टने बसणारा निवडा. पात्याच्या (ब्लेड) फ्यूजच्या होल्डरची पकड सैल झाली की तो स्वतःच तापतो, आणि मुख्य लाइनवर ते परवडत नाही. मात्र ३० अँपिअरच्या फ्यूजपुढे १ चौ. मिमीची वायर निघत असेल तर ती अजून असुरक्षितच आहे. आतल्या दिव्याची वायर अशी थेट जोडलेली पुष्कळदा सापडते. तिला वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज हवा.

एकच मुख्य फ्यूज लावण्यातही धोका आहे. रात्री वळणावर तो उडाला तर हेडलाइट आणि इंजिन दोन्ही एकदम जातात. म्हणून हेडलाइटची लाइन बोल्टपासूनच वेगळ्या फ्यूजमधून काढा आणि मुख्य फ्यूजचा एक जोडीदार होल्डरशेजारीच बांधून ठेवा. स्टार्टरच्या जाड केबलला फ्यूज लावू नका. सेल्फ मारताना तिथून दीडशे ते तीनशे अँपिअर जातात. तिचं रक्षण मार्ग नीट ठेवून आणि बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच लावून करायचं.

प्रश्न : माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ३५ अँपिअरचे काचेचे फ्यूज लिहिले आहेत. तेवढ्याच आकड्याचे नवे मिळाले, पण मेकॅनिक म्हणतात ते चालणार नाहीत.

उत्तर : मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे. जुन्या लुकास फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो कितीला उडतो ते सांगतो. सतत वाहून न्यायची त्याची क्षमता १७ अँपिअरच असते. अमेरिकी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणारा प्रवाह छापलेला असतो. तो ३५चा फ्यूज लावला की संरक्षण निम्म्यावर आलं. अमेरिकी पद्धतीचा लावायचाच असेल तर १५ किंवा फार तर २० अँपिअरचा लावा, तोही वायर पाहून. जर्मन गाड्यांतल्या लांबट सिरॅमिक फ्यूजमध्ये रंग पाहा: पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. त्यांची टोकं दर वर्षी पुसून घ्या आणि फ्यूज जागच्या जागी दोन-तीनदा फिरवा, म्हणजे टोकांवरचा गंज खरवडला जातो. फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळणं किंवा त्याच्या जागी खिळा बसवणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं आहे.

प्रश्न : थंड इंजिनला सेल्फ मारताना चोकच्या केबलमधून धूर येतो. केबल बदलली, तरी पुन्हा तेच. केबलचा आणि विजेचा काय संबंध?

उत्तर : बॅटरीकडून स्टार्टरला गेलेला प्रवाह परत येताना इंजिनातून बॉडीत यावा लागतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. ती तुटली, गंजली किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावर परत लावायची राहिली, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. शंभरावर अँपिअर त्या बारीक पोलादी तारेतून गेले की ती लाल होते. ती कार्बोरेटरच्या अगदी शेजारी असते. त्यामुळे पट्टी बसेपर्यंत सेल्फ मारू नका, धक्का देऊनही चालवू नका.

नवी पट्टी किमान २५ चौ. मिमीची घ्या. दोन्ही टोकांना रंग खरवडून उघडा पत्रा काढा, स्टार वॉशर घाला, बोल्ट घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन किंवा टर्मिनलचं ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर. शक्य असेल तर दुसरी पट्टी इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला लावा. तपासायचं असेल तर इग्निशन तोडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि इंजिनचा ब्लॉक व बॅटरीचा अर्थिंगचा खुंट यांच्यामध्ये मीटर धरा. अर्धा व्होल्टच्या वर गेला तर वाट अजून मोकळी नाही.

प्रश्न : डायनॅमो काढून ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. तेव्हापासून अँमीटरचा मागचा भाग गरम होतो. काय करावं?

उत्तर : आजच अँमीटर बाजूला काढा. जुने डायनॅमो साधारण २२ ते २५ अँपिअर देत. अँमीटर ३० अँपिअरच्या हिशेबाने आणि मुख्य वायर त्याच मापाने बनवलेली. बॅटरी उतरलेली असताना अल्टरनेटर ४५ अँपिअर ढकलतो आणि ते सगळे त्या दोन लहान नटांमधून जातात. नटाखालची फायबरची चकती आक्रसून नट सैल होतो, सैल नट तापतो आणि तापल्याने आणखी सैल होतो. मागच्या उघड्या खुंटापासून डॅशबोर्डचा पत्रा बोटभर अंतरावर असतो.

अल्टरनेटरचं मुख्य टर्मिनल नव्या वायरने थेट सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टला जोडा. पातळ आवरणाची १० चौ. मिमीची वायर घ्या, ती ७० अँपिअर सोसते. सोलेनॉइडच्या टोकाशी ६० अँपिअरचा बोल्टचा फ्यूज लावा. फ्यूज त्या टोकाला का, तर शॉर्ट झाला तर खरा पूर बॅटरीकडून येतो. अँमीटरच्या दोन वायरी एकत्र जोडून घ्या आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून व्होल्टमीटर बसवा. त्याला १ अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि चार्जिंगची माहितीही तो जास्त चांगली देतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

ज्यांनी डायनॅमो कायम ठेवला आहे त्यांच्यासाठी एक सूचना. इंजिन बंद केल्यावर काटा उणे बाजूला पूर्ण झुकलेला दिसला, तर कंट्रोल बॉक्समधल्या कटआउटचे (डायनॅमो थांबल्यावर त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले आहेत. बॅटरी उलटी डायनॅमोतून रिकामी होते आहे आणि वायर तापते आहे. चावीने हे थांबत नाही. लगेच बॅटरीची केबल काढा.

प्रश्न : हेडलाइटला रिले लावल्याने आगीचा धोका खरंच कमी होतो का? मला ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब लावायचे आहेत.

उत्तर : हो, खूप. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. तो नसताना सगळा प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येतो आणि डिपरमधून परत पुढे जातो. रिले लावल्यावर त्या लांब वाटेवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह उरतो आणि मुख्य प्रवाह बॉनेटखालीच राहतो. अप्परला एक, लोअरला एक, असे दोन रिले घ्या. रिलेवरचं ३० क्रमांकाचं टर्मिनल सोलेनॉइडच्या बोल्टकडून, पातळ आवरणाच्या २ चौ. मिमी वायरने आणि बोल्टपाशी २० अँपिअरचा फ्यूज लावून. ८७ बल्बकडे. ८६ला मूळ निळी वायर, ८५ अर्थिंगला. ८७ पासून प्रत्येक बल्बच्या प्रत्येक फिलामेंटला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज, एकूण चार. एका बाजूची वायर घासून शॉर्ट झाली तरी दुसरा दिवा पेटलेला राहतो. बल्बची अर्थिंगची वायरही नवी आणि तेवढ्याच जाडीची घाला. ती लोक विसरतात आणि मग रिले लावूनही उजेड वाढत नाही. गाडी पॉझिटिव्ह अर्थिंगची (बॅटरीचा धन खुंट बॉडीला जोडलेली) असेल तर आत डायोड नसलेला रिले घ्या. डायोड उलटा जोडला गेला तर तो थेट शॉर्ट करतो. १००/९० वॅटचे बल्ब लावू नका. वायर सोसेलही, पण बल्बचा होल्डर आणि रिफ्लेक्टर सोसत नाहीत.

प्रश्न : कापडी विणीच्या वायरी ठेवाव्यात की सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा संच बदलावा? गाडीचं मूळ रूप घालवायचं नाही.

उत्तर : आधी आत काय आहे ते पाहा. जुन्या वायरींत कापडाखाली रबर असे, नंतरच्यांत कापडाखाली पीव्हीसी आलं. डॅशबोर्डमागे न दिसणाऱ्या जागी एक वायर बोटाभोवती हलकेच वळवा. रबर असेल आणि त्याला चिरा पडल्या किंवा त्याचा भुगा झाला, तर दुरुस्ती करत बसू नका, पूर्ण हार्नेस बदला. एका जागी तडकलं म्हणजे सगळीकडे तडकलेलं असतं, फक्त अजून हललेलं नसतं. आत पीव्हीसी असेल तर कापड कुजलं तरी वायर पुष्कळदा उत्तम निघते. मूळ रंगांच्या कापडी विणीत आजची पीव्हीसी वायर घालून हार्नेस बनवून मिळतात, त्यामुळे रूपाची काळजी नको. मागवताना रिले आणि जादा फ्यूजच्या वायरी आधीच त्यात घालायला सांगा. नंतर बाहेरून बांधलेल्या वायरीच पुढे घासतात.

हार्नेस ठेवायचं ठरलं तर या जागा हाताने तपासा: फायरवॉलचं भोक, हेडलाइटच्या वाटीचं भोक, स्टिअरिंगच्या दांड्यातून जाणारी हॉर्नची आणि इंडिकेटरची वायर, डिकीच्या बिजागरीपाशी वाकणारी वायर, गालिच्याखालून मागे जाणारा गुंता आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा भाग. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) हवाच. तो कडक झाला असेल किंवा अर्धा निसटला असेल तर बदला. नुसता टेप गुंडाळलेला चालत नाही, पत्र्याची धार हळूहळू तो कापते. बॅटरी डिकीत असेल तर गाडीच्या पोटाखालून जाणारी केबल पूर्ण लांबीभर पाहा. तिला दर ३० सेंटिमीटरला रबर लावलेली पट्टीची क्लिप हवी आणि पत्र्यातून जाते तिथे दुहेरी आवरण. तिच्यात फ्यूज नाही, आणि बॅटरी शॉर्टमध्ये कित्येकशे अँपिअर देऊ शकते. गाडी बराच काळ उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या जागाही शोधा. घरटं बहुधा हीटरच्या डब्यात किंवा एअर क्लीनरमध्ये सापडतं आणि वायरी त्याच्या वाटेवर.

जोडांविषयी. बुलेट कनेक्टरची पितळी नळी कालांतराने पकड सोडते. बुलेट बोटाने सहज निघत असेल तर नळी बदला, पक्कडीने दाबून भागत नाही. वायरच्या अंगावर चिमटून बसणारे निळे-लाल प्लॅस्टिक कनेक्टर दिसतील ते सगळे काढा. त्यांचं पातं काही तारा कापतं आणि पाणी आत शिरून हिरवट गंज धरतो. नवं टर्मिनल रॅचेटच्या क्रिम्पिंग पक्कडीनेच दाबा आणि दाबल्यावर जोरात ओढून पाहा. नुसत्या डाखावर भरवसा ठेवू नका. डाख तारांमध्ये वर चढतो, तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी त्या कडेवर तुटते. शिवाय जोड तापला तर नेहमीचा कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतो. बुलेटला डाख दिलेला चालतो, कारण तिथे वायरला आधार असतो. वरून आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा.

काम झाल्यावर बॅटरी थेट जोडू नका. तिचा अर्थिंगचा खुंट आणि अर्थिंगची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब जोडा. सगळं बंद असताना बल्ब पेटता कामा नये. पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच शकत नाही, म्हणून शांतपणे एकेक जोड सोडवत शोधता येतं. बल्ब विझला की दोष तुम्ही आत्ता सोडवलेल्या फांदीत. मग एकेक स्विच लावून पाहा. पार्किंगच्या दिव्यांना बल्ब अर्धवट पेटणं हे बरोबर लक्षण आहे. सेल्फ मात्र या अवस्थेत मारू नका, काहीच होणार नाही.

प्रश्न : बॅटरीचा कटऑफ स्विच कोणत्या केबलवर लावावा? गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघते.

उत्तर : अर्थिंगच्या केबलवर. तिथे स्विच लावताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत हा खुंट धन असतो, हे लक्षात ठेवा. स्विच सेल्फचा प्रवाह सोसणारा आणि चावी काढता येणारा घ्या. चार्जिंग चालू असताना तो उघडू नका. अल्टरनेटर असेल तर बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याचे डायोड जातात, शिवाय इंजिन बंद पडेलच असंही नाही. चालत्या इंजिनावर तोडता यावा असा हवा असेल तर शर्यतीच्या गाड्यांतला स्विच लावा. तो बॅटरीबरोबर इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरची ऊर्जा ३ ओहमच्या रेझिस्टरमधून उतरवतो. काही स्विचना घड्याळ चालू राहावं म्हणून लहान फ्यूजची जोडवाट दिलेली असते. ती काढून टाका. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे १२ व्होल्टला ६० वॅट, आणि करपलेल्या जोडाला तेवढे पुष्कळ झाले.

प्रश्न : इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवतो आहे. विजेच्या बाजूने काय काळजी घ्यावी?

उत्तर : पंप इंजिन बंद पडल्यावर थांबला पाहिजे, हीच मुख्य अट. चावी चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत पंप पेट्रोल ढकलत राहिला आणि पाइप फाटलेला असला, तर ठिणगीला खायला मिळतं. पंपाची लाइन रिलेमधून घ्या आणि रिले ऑइल प्रेशरच्या स्विचने चालवा. सुरुवातीला प्रेशर नसतं, म्हणून सेल्फच्या वायरवरून डायोडमार्फत रिलेला जोड द्या. मधे धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच घाला. तो बॉडीच्या पक्क्या पत्र्यावर, बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे उभा बसवा, इंजिनवर नको. वायर १ चौ. मिमी, फ्यूज ७.५ अँपिअर.

पंपाची वायर आणि पेट्रोलचा पाइप एकाच क्लिपमध्ये कधीही बांधू नका. इथॅनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, कडक होतं आणि चिरतं. पाइपवर एसएई जे ३० आर ९ ही इंधनाच्या पाइपच्या मानकाची छाप असलेला घ्या. इग्निशन विसरून चालू ठेवण्याची सवयही मोडा. डिस्ट्रिब्यूटरमधले इग्निशनचे पॉइंट मिटलेल्या स्थितीत इंजिन थांबलं असेल तर ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअर सतत वाहतात, म्हणजे ४८ वॅट. कॉइल तापून फुगते आणि आतलं तेल बाहेर येतं.

प्रश्न : गाडीत कोणतं अग्निशामक ठेवावं आणि धूर दिसला तर पहिलं काय करावं?

उत्तर : २ किलोचं एबीसी पावडरचं किंवा पेट्रोलसाठी योग्य फोमचं. ड्रायव्हरच्या हाताला बसल्या जागी लागेल असं, लोखंडी क्लिपमध्ये घट्ट बसवा. डिकीत ठेवलेलं वेळेला सापडत नाही. पावडर धातू खाते, म्हणून वापरल्यावर गाडी धुऊन पुसावी लागते. कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवत नाही, पण उघड्यावर वाऱ्याने उडून जातो आणि तापलेली वायर पुन्हा पेटवू शकते. दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला पाहा. पावडर तळाशी बसू नये म्हणून सिलिंडर उलटा करून हलवा.

धूर दिसताच गाडी कडेला घ्या, इंजिन आणि इग्निशन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून लांब पाठवा. कटऑफ स्विच हाताशी असेल तर तो फिरवा. नुसता धूर असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच तो थांबतो. बॉनेटखाली ज्वाळा असतील तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. आतला खटका ओढून बॉनेट बोटभर सुटू द्या आणि त्या फटीतून किंवा जाळीतून फवारा मारा, आगीच्या बुडाशी. २ किलोचं सिलिंडर दहा सेकंदांच्या आसपास रिकामं होतं, म्हणून थोडं थोडं मारा. ते संपेपर्यंत आग विझली नाही तर गाडी सोडा, दूर जा आणि अग्निशमन दलाला बोलवा. विझली असेल तर लगेच बॉनेट उचलू नका. बाहेरून हात धरून उष्णता उतरल्याची खात्री करा, मग बॅटरीची केबल काढा आणि गाडी पुन्हा सुरू न करता ओढत न्या.